कुलूप तुटलेले घर आणि दुसरे शील

(वर्षावासानिमित्त तिवसा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. त्या निमित्ताने पंचशीलातील दुसऱ्या शीलावर बोलावे, असे संयोजकांनी मला सांगितले. अदिन्नादान म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. या शीलावर बोलणारा वक्ता सहसा श्रोत्यांना 'चोरी करू नका' एवढेच सांगून खाली बसतो. आता सांगा, दिवसभर सोयाबीन सोंगून, हातपाय धुऊन, पांढरे पातळ नेसून इथे येऊन बसलेल्या आमच्या मायमाउलींना चोरी करू नका म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे? म्हणून मी आज या शीलाची दुसरी बाजू घेणार आहे. ज्याच्या घरात चोरी झाली, त्या घराचे काय होते आणि त्या घराने काय करावे, हा माझा विषय आहे.

हा विषय आपल्याला लागू का आहे, तेही सांगतो. अशोक विजयादशमीला आपण नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. ६ डिसेंबरला बडनेऱ्याहून गाडी धरून चैत्यभूमीवर जातो, त्यात चार दिवस सहज मोडतात. त्या दिवसांत वस्तीतल्या ओळीच्या ओळी घरांना कुलपे असतात. कोणत्या तारखेला ही घरे रिकामी राहणार, हे कॅलेंडरावरच छापलेले असते. चोराला ते विचारावे लागत नाही.

एक खरी घडलेली गोष्ट आधी सांगतो. जुलै २०२४ मध्ये ती वर्तमानपत्रांतून आली होती, आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलीही असेल. रायगड जिल्ह्यात नेरळ येथे कवी नारायण सुर्वे यांचे घर आहे. सुर्वे २०१० साली १६ ऑगस्टला गेले. त्या घरात त्यांची कन्या आणि जावई राहतात. ही दोघे विरारला आपल्या मुलाकडे दहाएक दिवस गेली होती आणि घर बंद होते. चोराने घर फोडले. टीव्ही आणि आणखी काही वस्तू नेल्या. दुसऱ्या दिवशी राहिलेले न्यायला तो पुन्हा आला, तेव्हा त्याचे लक्ष एका खोलीतल्या सुर्व्यांच्या फोटोकडे आणि सन्मानचिन्हांकडे गेले. हे घर कोणाचे, ते त्याला कळले. मग त्याने काय करावे? नेलेल्या वस्तू परत आणून ठेवल्या आणि भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवली. हे नारायण सुर्व्यांचे घर आहे हे मला माहीत नव्हते, माहीत असते तर मी चोरी केली नसती, मला माफ करा, अशा अर्थाची ती चिठ्ठी होती. घरची माणसे परतली तेव्हा त्यांना ती दिसली. त्यांनी पोलिसांना कळवले आणि पोलिसांनी टीव्हीवरचे बोटांचे ठसे घेऊन तपास सुरू केला.

नारायण सुर्वे कोण, हे आजच्या तरुणांना थोडक्यात सांगितले पाहिजे. १९२६ साली मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले, काशीबाईंनी वाढवले आणि स्वतःचे नाव दिले. तेच मूल पुढे हॉटेलात राबले, गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. १९६२ साली त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला, १९६६ साली 'माझे विद्यापीठ'. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कामगारांची, हमालांची, रस्त्यावर जगणाऱ्या बायाबापड्यांची भाषा त्यांनी कवितेत आणली. म्हणजे त्या चोरासारख्या माणसांचाच हा कवी. चोराने तो शाळेच्या पुस्तकात वाचला होता की आणखी कुठे, ते तोच जाणे. पण कुठेतरी वाचला किंवा ऐकला होता खरा.

ही बातमी वाचून लोकांना फार गहिवर आला. मलाही बरे वाटले, नाही असे नाही. कवितेला एवढी ताकद असते हे कळून कोणाला बरे वाटणार नाही? पण बंधूंनो, चिठ्ठीतले ते वाक्य पुन्हा एकदा ऐका. माहीत असते तर चोरी केली नसती. याचा दुसरा अर्थ असा की घर जर एखाद्या निवृत्त एसटी वाहकाचे असते, अंगणवाडी सेविकेचे असते, तर टीव्ही परत आला नसता. ज्या माणसांबद्दल सुर्व्यांनी आयुष्यभर लिहिले, त्यांच्या घरातला टीव्ही गेला तो गेलाच. मोठ्या माणसाच्या दारात जागा होणारा विवेक चांगलाच, पण तो अर्धा आहे. आपले शील कोणाचे घर आहे हे विचारत नाही. जे दिलेले नाही ते घेऊ नये, इतकेच ते म्हणते. चक्रवर्ती राजाचे असो की मोलकरणीचे असो.

आणि आपल्या घरांत तर बाबासाहेबांचा फोटो दर्शनी भिंतीवरच असतो. तो पाहून किती चोर परत फिरले, ते ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांना विचारावे.

आता त्या घरात जाऊ. माणूस गावाहून येतो. पिशवी हातात असते. कोयंडा उचकटलेला दिसतो आणि पायातले बळ जाते. आत कपाट उघडे, लुगडी-पातळे जमिनीवर, धान्याच्या कोठीतला गहूसुद्धा उपसून पाहिलेला. दागिने धान्यात लपवतात हे आता चोरांनाही पाठ झाले आहे. एकदाणी, पोत, मुलीच्या लग्नासाठी थोडे थोडे करून केलेले डोरले, तूर विकून आलेले पैसे, बचत गटाचे भरायचे हप्ते. हे सगळे जाते. पण माझ्या पाहण्यात असे आले आहे की आमच्या वस्तीतला बाप आधी सोने शोधत नाही. तो पत्र्याच्या पेटीतले कागद शोधतो.

का शोधतो? कारण त्या पेटीत कोतवाल बुकाची नक्कल असते. अनुसूचित जातीचा दाखला काढायचा आणि पडताळणी करायची तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपला आजा-पणजा शाळेत गेलेला नसतो, मग शाळेचा दाखला कुठला आणणार? विदर्भात गावचा कोतवाल जन्ममृत्यूच्या नोंदी करीत असे, तीत जात लिहिलेली असे, आणि तीच नक्कल आपल्या कामी येते. ती काढायला तहसिलीत किती चकरा माराव्या लागतात, हे इथे बसलेल्या प्रत्येक बापाला माहीत आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. त्यानंतर तर या कागदाचे मोल आणखीच वाढले. चोराला त्या पिवळ्या कागदाची किंमत शून्य. तो पेटी पालथी करतो, कागद अंगणात उडतात आणि वर पाऊस आला की संपले. सोने पुन्हा करता येते. पोराचा प्रवेश एका कागदाने जातो.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो, ती ताबडतोब करण्यासारखी आहे. अशा प्रत्येक कागदाच्या दोन साक्षांकित प्रती काढून एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. मोबाइलवर फोटो काढून मुलांकडे पाठवून ठेवा. जे दाखले डिजिलॉकरमध्ये येतात ते तिथे ठेवा. दागिन्यांचेही तसेच. प्रत्येक डागाचा फोटो आणि सोनाराची पावती जपून ठेवा. पोलीस स्टेशनमध्ये 'सोन्याची पोत, जुनी वापरती' एवढेच लिहून दिले, तर उद्या पोत सापडली तरी ती तुमचीच कशावरून, हा प्रश्न येतोच.

चोरीनंतर घरात जे सुरू होते, ते चोरीपेक्षा वाईट असते. वस्तू एका रात्रीत जाते, पण 'कोणामुळे गेली' हा वाद वर्षानुवर्षे चालतो. किल्ली कोणी कोनाड्यात ठेवली? मागचे दार कोणी ओढून घेतले नाही? दागिने बँकेत ठेवा म्हटले तर कोणी ऐकले नाही? आणि या सगळ्या प्रश्नांचे बोट फिरत फिरत घरातल्या सुनेवर येऊन थांबते. विचारपूस करायला आलेल्या बायाही तेच विचारतात, 'काय वो बाई, कुलूप नीट लावलं नव्हतं काय?' जिचे मंगळसूत्र गेले, तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे! बाबांनो, कुलूप तोडणारा गुन्हेगार असतो, कुलूप लावणारी नाही. हे घरातल्या कर्त्या माणसाने पहिल्याच दिवशी सर्वांसमोर मोठ्याने म्हटले पाहिजे. तेवढ्याने अर्धे घर सावरते.

लहान मुलांचे हाल तर कोणी विचारतच नाही. मोठी माणसे पंचनाम्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांत गुंतलेली, आणि पोर मात्र रात्री पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलेले. पन्हाळीवरून मांजर गेली तरी दचकते. म्हातारी माणसे पुन्हा गावाला जायलाच तयार होत नाहीत. घर सोडले की चोर येईल, ही भीती त्यांच्या मनात घर करते आणि मग लग्नकार्य, मयत, दीक्षाभूमी, सगळेच सुटते. चोर टीव्हीबरोबर त्या म्हाताऱ्या बाईचे जाणेयेणेही घेऊन जातो, हे आपण हिशेबात धरत नाही. पहिले काही दिवस शेजारच्या एखाद्या बाईने तिच्या सोबतीला निजायला जावे. याला पैसा लागत नाही.

आणि मग कोणीतरी हळूच कानाशी लागते. अमक्या गावी एक बाबा आहे, तो बरोबर सांगतो. लहान पोराच्या अंगठ्याच्या नखाला काजळ लावून त्यात चोर दाखवतो. कोणी तांदूळ मंतरून देतो, ज्याला चावता येणार नाहीत तो चोर! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या या काजळाच्या नखापुढे नाक घासण्यासाठी नव्हेत. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्यासाठी बळी गेला. तरी चोरी झाली की आमचा शिकलेला माणूससुद्धा गुपचूप जाऊन येतो. बाबा काय करतो? तो समोरच्याच्या मनातला संशय काढून घेतो आणि त्याच्याच पदरात टाकतो. 'घरापासून पूर्वेला राहणारा, सावळा, ओळखीचा माणूस.' झाले! पूर्वेला भाऊबंदच राहतात. पाचशे रुपये बाबाला गेले आणि दोन घरांचे बोलणे कायमचे बंद झाले. मला विचाराल तर अशी दुसरी चोरी पहिल्यापेक्षा महाग पडते.

बाबाकडे न जाणाराही एक संशय मनात घेऊनच असतो. आपल्या भागात घरफोडी झाली की पहिले नाव निघते ते फासेपारध्यांच्या बेड्याचे. पुरावा असो वा नसो. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण हा आपल्या आणि त्यांच्या इतिहासाचा प्रश्न आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. या कायद्याने संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, पोर जन्माला आले की तेही त्याच यादीत. हा कायदा देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षे चालला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कागदावरून शिक्का गेला, लोकांच्या मनातून गेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीभेदासंबंधी एक निकाल दिला. एका महिला पत्रकाराने ती याचिका केली होती. त्या निकालात न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होता कामा नये. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाल्यावर हे सांगावे लागते!

याच आपल्या जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी समाजातल्याच तरुणाने पारध्यांच्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा उभी केली. नावच बोलके आहे. पुढे समृद्धी महामार्गाच्या कामात त्या शाळेचा काही भाग गेला. भीक मागणाऱ्या, पोलीस दिसला की पळणाऱ्या पोरांच्या हातात त्या माणसाने पाटी दिली. ज्यांना बेड्याविषयी बोलायचे आहे त्यांनी एकदा ती शाळा पाहून यावे आणि मग बोलावे.

आणि आपण तरी हे विसरायचे का? गावगाड्यात वेशीवर राखण कोणाची होती? रात्रीची गस्त कोण घालत होते, चोराच्या पावलांचा माग कोण काढत होते? आपलेच वाडवडील. गावाच्या धनाची राखण त्यांनी केली आणि स्वतःच्या घरी चार भाकरी नव्हत्या. एवढे करून पाटलाच्या वाड्यातले काही हरवले की पहिला जाब त्यांनाच द्यावा लागे. ज्याच्या बापजाद्यांनी विनापुराव्याचा संशय अंगावर झेलला, त्याने तोच संशय दुसऱ्या गरिबाच्या अंगावर टाकावा, हे मला बौद्धाचे लक्षण वाटत नाही. पोलीस विचारतील, 'तुमचा कोणावर संशय आहे का?' जे डोळ्यांनी पाहिले असेल ते सांगा. नसेल पाहिले तर 'नाही' म्हणा. चौथे शील तिथेही लागू आहे. तसेच गेलेल्या मालाच्या यादीत, जे गेले नाही ते घालू नका. दोन तोळ्यांचे चार तोळे लिहून दिले, की खरे दोन तोळेही संशयात येतात.

विनयपिटकात धनिय नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. तो कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला की गवत आणि लाकडे गोळा करणारे लोक येत आणि त्याची कुटी मोडून गवत-काटक्या घेऊन जात. असे एकदा नाही, तीनदा झाले. ज्याचे घर तीनदा लुटले गेले, असा हा भिक्खू! शेवटी त्याने आपली जुनी विद्या वापरून संपूर्ण मातीची कुटी केली आणि ती भाजून काढली. मातीतल्या जीवजंतूंचा विचार करून भगवंतांनी ती मोडायला लावली. मग धनिय राजाच्या लाकूडवखारीत गेला आणि राजाने मला दिले आहे असे सांगून राज्याच्या कामासाठी राखून ठेवलेली लाकडे घेऊन आला. वखारीवरचा बिचारा माणूस बांधला गेला. प्रकरण बिंबिसार राजापर्यंत पोचले. धनिय म्हणाला, महाराज, राज्याभिषेकाच्या वेळी तुम्हीच म्हणाला होता की श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड, पाणी दिले आहे. राजाने ओळखले की हा शब्दांचा खेळ आहे. त्याने भिक्खूला समज देऊन सोडले, पण लोकांत निंदा झाली. त्यावरून भगवंतांनी भिक्खूंसाठी चोरीविषयीचा नियम घालून दिला, जो मोडणारा भिक्खू संघात राहू शकत नाही.

या गोष्टीचा नियमाचा भाग सगळे सांगतात. तीनदा मोडलेल्या कुटीचा भाग मात्र कोणी सांगत नाही. मला तोच महत्त्वाचा वाटतो. आपले लुटले गेले म्हणजे आपल्याला घेण्याचा हक्क आला, असे माणसाला आतून वाटू लागते. 'माझे गेले तेव्हा कोण आले होते?' हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! चोरी झालेल्या घरातला तरुण मुलगा याच रस्त्याने जाऊ शकतो. कोणी बाटलीकडे वळतो, कोणी चार पोरे घेऊन संशयिताला झोडपायला निघतो. जमावाने माणसे मारल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या मुलावर पहिला महिनाभर घरच्यांनी डोळा ठेवला पाहिजे.

मग चोराचे काय? त्याला सोडून द्यायचे काय? करुणा म्हणजे तक्रार न करणे, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त पाहा. एका राजाने राज्य चालवले, रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. दारिद्र्य वाढले, तेव्हा पहिला चोर निर्माण झाला. त्याला राजासमोर आणले. 'जगता येत नाही' असे तो म्हणाला. राजाने त्याला धन दिले. ते ऐकून दुसऱ्यांनीही चोऱ्या सुरू केल्या. मग राजाने घाबरून मुंडकी उडवायला सुरुवात केली. तेव्हा चोरांनीही शस्त्रे केली आणि माणसे मारू लागले. किती बारकाईने पाहिले आहे! पकडलेल्या चोराच्या हातात पैसे ठेवूनही चालले नाही आणि मान उडवूनही चालले नाही. मूळ बिघडले होते ते आधीच. त्याच निकायातल्या कूटदन्त सुत्तात शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि चाकराला पगार द्या, म्हणजे लोक आपापल्या कामाला लागतील आणि दारे उघडी टाकून राहतील, असा उपाय सांगितला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आमच्या कापूस-सोयाबीनच्या मुलखाला आजही लागू पडतो. बेकारी वाढते तेव्हा कुलपांचा धंदा तेजीत येतो.

पण सरकारने बियाणे द्यावे म्हणून आपण तोपर्यंत तक्रारच करायची नाही, असे नाही. तक्रार केली नाही तर तो उद्या शेजाऱ्याचे घर फोडेल. नेरळच्या कुटुंबानेही माफीची चिठ्ठी मिळाल्यावर पोलिसांना कळवलेच की! माफ करणे हा घराचा अधिकार आहे, तपास करणे हे राज्याचे काम आहे. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

तक्रारीचे थोडे व्यवहाराचे सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. नाव बदलले, घरफोडी गुन्हाच राहिली. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत आणि चोरीसाठी रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाच हजारांच्या आतली साधी चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी, अशी नवी तरतूद झाली आहे. घर फोडणाऱ्याला मात्र ती सवलत लागू नाही.

कुलूप तुटलेले दिसले की आत जाऊन आवराआवर करू नका. ११२ ला फोन करा. बायांना पसारा पाहवत नाही, त्या लगेच झाडू घेतात, आणि बोटांचे ठसे, बुटाचा माग सगळे झाडून निघते. फिर्याद दिली की एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो आपला हक्क आहे. नुसता अर्ज घेऊन पोच देऊन पाठवत असतील तर विनयाने पण ठामपणे गुन्हा नोंदवायला सांगा. तरी ऐकले नाही तर तीच हकीकत लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याची जबाबदारी नव्या कायद्याने पोलिसांवर टाकली आहे. माल सापडला तर खटला संपेपर्यंत तो मालखान्यातच पडून राहिला पाहिजे असे नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार या २००२ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन असा माल मालकाला लवकर परत द्यावा. कोर्टात अर्ज करावा लागतो. आपल्या संस्थेत वकील मंडळी आहेत, एवढा अर्ज त्यांनी फी न घेता लिहून द्यावा अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. बँकेच्या लॉकरबद्दलही पुष्कळांना भीती असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे लॉकर फुटून माल गेला तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँकेची जबाबदारी राहते. ती भरपाई काही सगळ्या सोन्याची होणार नाही, पण गव्हाच्या कोठीपेक्षा लॉकर बरे.

जाता जाता आणखी एका घराची आठवण देतो. ७ जुलै २०२० रोजी दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृहाच्या आवारात शिरून अज्ञातांनी नासधूस केली. कुंड्या फोडल्या, काचेवर दगड मारले, कॅमेऱ्याचे नुकसान केले. ती चोरी नव्हती. पण ज्या घरात बाबासाहेबांनी आपली पुस्तके ठेवली, ते घर साऱ्या समाजाचे. गावोगावी लोक पेटून उठले होते. तेव्हा आंबेडकर कुटुंबीयांनी काय केले? राजगृहाभोवती गर्दी करू नका, शांतता राखा, पोलिसांना त्यांचे काम करू द्या, असे आवाहन केले. ज्यांच्या घरावर दगड आला त्यांनीच लोकांना शांत केले. करोनाचा काळ होता. त्या दिवशी एक चुकीचा शब्द निघाला असता तर किती गोरगरिबांच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले असते, याचा विचार करा.

आता येत्या विजयादशमीचे बोलू. दरवर्षी आपण ट्रॅक्सवाल्याला सांगतो, भाडे ठरवतो, शिदोरी बांधतो. यंदा त्याबरोबर एक वही करावी, अशी माझी सूचना आहे. कोणते घर किती दिवस बंद राहणार, हे त्या वहीत लिहायचे. वही महिला मंडळाकडे असावी, पान टपरीवर नव्हे! गाडीत बसतानाचे फोटो मोबाइलवर टाकण्याची घाई करू नका, परत आल्यावर टाका. प्रत्येक ओळीतल्या दोन घरांनी आळीपाळीने एक वर्ष मागे राहायचे, रात्री दिवा लावायचा आणि वस्तीत दोन फेऱ्या मारायच्या. जी घरे यंदा राहतील त्यांना पुढच्या वर्षी गाडीत पुढची जागा. मागे राहणाऱ्यांची दीक्षाभूमी चुकली असे कोणी म्हणू नये. आणि ज्या घरी मागे चोरी झाली आहे, तिथली म्हातारी यंदा नागपूरला गेलीच पाहिजे. तिच्या घराच्या ओसरीवर निजायला दोन तरुण पोरे लागतील. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर अध्यक्षांकडे नावे द्यावीत.